अमेरिकेतील सॉकरची लोकप्रियता

असोसिएशन फुटबॉल हा खेळ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 'सॉकर' या नावाने ओळखला जातो. फिफा विश्वचषक, महिला विश्वचषक किंवा कोपा आमेरिका यांसारख्या मोठ्या स्पर्धांच्या काळात या देशातील सॉकरचा प्रेक्षकवर्ग कित्येक पटींनी वाढतो आणि स्पर्धा संपताच पुन्हा आक्रसतो, असे चित्र अनेकदा दिसले आहे. ही लाट टिकते का, हा प्रश्न अमेरिकन क्रीडापत्रकारितेत जवळजवळ दर चार वर्षांनी नव्याने विचारला जातो. इतिहास पाहता लाट आपोआप टिकल्याचे एकही उदाहरण नाही. ती ओसरल्यावर काय उरले, हे त्या वेळी देशात लीग, मैदाने, तोटा सोसण्यास तयार असलेले मालक आणि प्रक्षेपणाचे करार होते की नव्हते, यावर ठरत आले आहे.

नाव

'सॉकर' हा शब्द मूळचा अमेरिकन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील विद्यार्थ्यांच्या बोलीत 'असोसिएशन' या शब्दाची मोडतोड होऊन तो तयार झाला. अमेरिकेत 'फुटबॉल' हे नाव अमेरिकन फुटबॉलने आधीच बळकावले असल्यामुळे तेथे तो रूढ झाला. इ.स. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात मात्र 'सॉकर' हा शब्द १९४५ साली आला आणि 'फुटबॉल' हा शब्द त्यातून १९७४ साली गेला. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील प्रचारानुसार 'सॉकर' हेच नाव वापरले आहे.

आरंभीचा काळ

अमेरिकेला हा खेळ १९९४ पर्यंत अपरिचित होता, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. १९२१ साली सुरू झालेल्या अमेरिकन सॉकर लीगमध्ये मॅसॅच्युसेट्समधील कापडगिरण्यांचे गाव फॉल रिव्हर, पेनसिल्व्हेनियातील पोलादनगरी बेथलेहेम अशा ठिकाणचे व्यावसायिक संघ खेळत. ब्रिटनमधून आलेले कामगार हा या लीगचा खेळाडूवर्गही होता आणि प्रेक्षकवर्गही. १९२८ मध्ये राष्ट्रीय चषकाच्या वेळापत्रकावरून लीग आणि राष्ट्रीय संघटना यांच्यात तीव्र संघर्ष झाला. त्यापाठोपाठ महामंदी आली आणि १९३३ पर्यंत लीग मोडली.

या पडझडीच्या मधोमध, १९३० साली, उरुग्वेत पहिला विश्वचषक झाला. त्यात अमेरिकेने बेल्जियम आणि पेराग्वे या दोन्ही संघांना ३-० असे हरवून उपांत्य फेरी गाठली. तेथे अर्जेंटिनाने त्यांचा ६-१ असा पराभव केला. पेराग्वेविरुद्ध बर्ट पेटनॉड याने केलेली हॅट्‌ट्रिक ही विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक होय. फिफाने तिला अधिकृत मान्यता दिली ती २००६ साली.

१९५० साली ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरवले. जो गाएत्जेन्स याने गोल केला. या विश्वचषकाला एकच अमेरिकन वार्ताहर उपस्थित होता आणि तोही स्वखर्चाने, असे सांगितले जाते. मायदेशी या विजयाची फारशी दखल घेतली गेली नाही. घेतली असती तरी नव्याने कुतूहल वाटू लागलेल्या माणसाने पुढच्या रविवारी जाऊन पाहावी अशी देशव्यापी लीग अस्तित्वात नव्हती. त्यानंतर अमेरिकेचा संघ विश्वचषकास पात्र ठरण्यास ४० वर्षे लागली.

नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग

१९६६ चा इंग्लंडमधील अंतिम सामना अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. त्यामुळे उत्साहित झालेल्या गुंतवणूकदारांनी १९६७ मध्ये एकाऐवजी दोन प्रतिस्पर्धी लीग काढल्या. १९६८ मध्ये त्यांचे विलीनीकरण होऊन १७ संघांची नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात केवळ पाच संघ उरले. एका स्पर्धेच्या प्रभावाखाली केलेली गुंतवणूक किती लवकर आटते, याचे हे पहिले ठळक उदाहरण होते.

लीग तगली आणि १९७५ साली न्यू यॉर्क कॉसमॉस संघाने पेलेला करारबद्ध केले. १४ ऑगस्ट १९७७ रोजी कॉसमॉस आणि फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्स यांच्यातील सामन्यास ७७,६९१ प्रेक्षक उपस्थित होते. कॉसमॉस त्या काळी जगभर हिंडणारा संघ होता. सप्टेंबर १९७७ मध्ये तो कोलकात्यासही आला आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्धचा त्याचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पेलेच्या निवृत्तीनंतर १९७८ मध्ये लीगने संघांची संख्या २४ वर नेली. इतक्या संघांना पुरेल एवढा प्रेक्षक नव्हता, परदेशी खेळाडूंचे वेतन उत्पन्नाच्या पलीकडे गेले आणि दूरचित्रवाणीचा आधार मिळाला नाही. १९८६ च्या विश्वचषकाचे यजमानपद कोलंबियाने सोडल्यावर अमेरिकेने ते मागितले, परंतु १९८३ मध्ये ते मेक्सिकोला देण्यात आले. १९८४ च्या हंगामानंतर लीग बंद पडली.

तिचे सर्वच वाहून गेले असे मात्र नाही. सिएटल, पोर्टलंड, व्हँकूव्हर आणि सॅन होजे या शहरांत तेव्हाच्या संघांची नावे लोकांच्या स्मरणात राहिली आणि पुढे तीच नावे घेऊन नवे व्यावसायिक क्लब उभे राहिले. वायव्येकडील तीन शहरांमधील चुरस तर इतकी मुरलेली होती की २००४ साली तेथील चाहत्यांनीच 'कॅस्केडिया चषक' सुरू केला. पोर्टलंडच्या मैदानावर यजमान संघाने गोल केला की लाकडाच्या ओंडक्याची एक चकती यांत्रिक करवतीने कापण्याची प्रथा आहे. या प्रथेचे मूळही जुन्या लीगच्या काळातले.

१९९४ चा विश्वचषक आणि मेजर लीग सॉकर

४ जुलै १९८८ रोजी फिफाने १९९४ च्या विश्वचषकाचे यजमानपद अमेरिकेस दिले. त्या वेळी देशात सर्वोच्च दर्जाची व्यावसायिक लीग नव्हती. ती स्थापन करण्याचे आश्वासन हा यजमानपदाच्या प्रस्तावाचा भाग होता. नोव्हेंबर १९८९ मध्ये पॉल कॅलिग्युरी याच्या गोलमुळे अमेरिकेने पोर्ट ऑफ स्पेन येथे त्रिनिदाद व टोबॅगोला हरवले आणि १९९० च्या विश्वचषकात प्रवेश मिळवला.

१९९४ च्या स्पर्धेच्या उद्घाटनदिनी, १७ जून रोजी, अमेरिकन दूरचित्रवाणीचे लक्ष लॉस एंजेलसच्या महामार्गावर ओ. जे. सिम्पसनच्या मोटारीमागे धावणाऱ्या पोलिसांकडे होते. सुरुवात अशी झाली असली तरी स्टेडियमे भरली. ५२ सामन्यांना मिळून ३५,८७,५३८ प्रेक्षक आले. दर सामन्यामागे सरासरी जवळजवळ ६९ हजार. तेव्हा विश्वचषकात २४ संघ खेळत. पुढे ३२ संघ आणि ६४ सामने झाल्यावरही २०२२ पर्यंत कोणत्याही यजमान देशाला ही एकूण प्रेक्षकसंख्या ओलांडता आली नाही. अंतिम सामना पॅसाडिना येथे भर दुपारच्या उन्हात खेळवला गेला, कारण ती वेळ युरोपातील प्रेक्षकांच्या सोयीची होती. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

स्पर्धा १७ जुलैला संपली. १२ ऑगस्टपासून बेसबॉलपटू संपावर गेले आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली. उन्हाळी खेळाची सवय असलेला मोठा प्रेक्षकवर्ग असा अनपेक्षितपणे मोकळा झाला, पण त्याला देण्यासाठी सॉकरकडे काहीच नव्हते. १९९५ मध्ये नियोजित असलेली मेजर लीग सॉकर प्रत्यक्षात ६ एप्रिल १९९६ रोजी, विश्वचषकानंतर सुमारे २१ महिन्यांनी, दहा संघांनिशी सुरू झाली. पहिल्या हंगामाची सरासरी प्रेक्षकसंख्या १७,४०६ होती. २००० पर्यंत ती १३,७५६ वर आली. अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेल्या साठ-सत्तर हजारांच्या स्टेडियमांत हे प्रेक्षक विरळ दिसत. खेळ 'अमेरिकन' वाटावा म्हणून केलेले प्रयोग, विशेषतः उलटे धावणारे घड्याळ आणि बरोबरी फोडण्यासाठी ३५ यार्डांवरून धावत घेण्याचा शूटआउट, जाणकार प्रेक्षकांना हास्यास्पद वाटले आणि नवख्यांनाही त्यांनी खेचून आणले नाही. १९९९ च्या हंगामानंतर ते सोडून देण्यात आले.

जानेवारी २००२ मध्ये फ्लोरिडातील टँपा बे म्युटिनी आणि मायामी फ्यूजन हे दोन्ही संघ बंद करण्यात आले. उरलेल्या दहा संघांपैकी सहा संघ एका टप्प्यावर फिलिप अँशुट्झ या एकाच उद्योगपतीच्या ताब्यात होते. बाकीचा भार प्रामुख्याने लामार हंट आणि रॉबर्ट क्राफ्ट यांनी उचलला. त्या वर्षी अमेरिकेच्या पुरुष संघाने पोर्तुगाल आणि मेक्सिकोला हरवून विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली, तरी लीगच्या बचावाचे श्रेय त्या यशाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. लीग वाचण्याचा निर्णय त्याआधीच, मालकांच्या बैठकांत झालेला होता. त्यातील दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. हंट यांनी १९९९ मध्ये कोलंबस येथे केवळ सॉकरसाठी बांधलेले मध्यम आकाराचे स्टेडियम इतरांसाठी नमुना ठरले. तसेच २००२ मध्ये संघमालकांनी सॉकर युनायटेड मार्केटिंग ही कंपनी स्थापन करून २००२ आणि २००६ च्या विश्वचषकांचे अमेरिकेतील इंग्रजी प्रक्षेपण हक्क स्वतःच विकत घेतले. त्यामुळे विश्वचषकातून मिळणारे उत्पन्न आणि स्थानिक लीग यांचा प्रथमच प्रत्यक्ष संबंध जोडला गेला.

त्यानंतरची वाढ संथ, पण सलग आहे. २००७ मध्ये वेतनमर्यादेला अपवाद करणारा नियम आला आणि डेव्हिड बेकहॅम लॉस एंजेलस गॅलक्सीकडे आला. २०१० मध्ये भारताचा सुनील छेत्री कॅन्सस सिटी विझार्ड्सने करारबद्ध केला. २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या प्रवेशाने संघांची संख्या ३० झाली. २०२४ च्या हंगामात एकूण एक कोटी दहा लाखांहून अधिक प्रेक्षक मैदानांवर आले.

विश्वचषकाविना २०१८

ऑक्टोबर २०१७ मध्ये त्रिनिदाद व टोबॅगोनेच अमेरिकेला २-१ असे हरवले आणि १९८६ नंतर प्रथमच अमेरिका विश्वचषकाबाहेर राहिली. लोकप्रियता केवळ राष्ट्रीय संघावर उभी असती, तर २०१८ मध्ये लीगच्या मैदानांवर त्याचा परिणाम दिसायला हवा होता. तसे झाले नाही. सरासरी प्रेक्षकसंख्या आदल्या वर्षीप्रमाणेच २२ हजारांच्या आसपास राहिली. २०१७ मध्येच लीगमध्ये दाखल झालेल्या अटलांटा युनायटेडची सरासरी ५० हजारांच्या वर गेली आणि डिसेंबर २०१८ मधील अंतिम सामन्यास अटलांटात ७३,०१९ प्रेक्षक आले. घट झाली ती विश्वचषकाच्या इंग्रजी प्रक्षेपणात. फॉक्स वाहिनीला आपल्या संघाविना स्पर्धा दाखवावी लागली.

महिला सॉकर

स्पर्धेची लाट आणि लीगचे आयुष्य यांच्यातील अंतर महिला सॉकरमध्ये अधिक तीव्रतेने दिसते, कारण येथे राष्ट्रीय संघ जगज्जेता असूनही लीग मोडल्या. १० जुलै १९९९ रोजी पॅसाडिना येथे अमेरिकेने चीनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले, तेव्हा ९०,१८५ प्रेक्षक उपस्थित होते. शेवटची पेनल्टी मारणाऱ्या ब्रँडी चॅस्टेनचे छायाचित्र देशभर प्रसिद्ध झाले. या विजयाच्या बळावर एप्रिल २००१ मध्ये वुमेन्स युनायटेड सॉकर असोसिएशन ही आठ संघांची लीग सुरू झाली. वॉशिंग्टनमधील पहिल्या सामन्यास ३४ हजारांहून अधिक लोक आले. अनेक वर्षांसाठी राखून ठेवलेले भांडवल मात्र फार लवकर संपले, आणि सरासरी प्रेक्षकसंख्या पहिल्या हंगामातील सुमारे आठ हजारांवरून तिसऱ्या हंगामात साडेसहा हजारांच्या आसपास आली.

२००३ चा महिला विश्वचषक चीनमध्ये व्हायचा होता. सार्सच्या साथीमुळे तो अमेरिकेत हलवण्यात आला. म्हणजे चार वर्षांपूर्वीची लाट पुन्हा उसळण्याची संधी लीगला घरबसल्या मिळाली होती. ही स्पर्धा सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, १५ सप्टेंबर २००३ रोजी, लीगने आपले कामकाज थांबवत असल्याचे जाहीर केले. जगातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी कित्येकींनी तो विश्वचषक क्लबविना खेळला. २००९ मध्ये सुरू झालेली दुसरी लीग, वुमेन्स प्रोफेशनल सॉकर, तीन हंगामांनंतर बंद पडली. २०११ च्या विश्वचषकात अमेरिकेने अंतिम फेरी गाठूनही तिचा बचाव झाला नाही.

२०१३ साली सुरू झालेली नॅशनल वुमेन्स सॉकर लीग जाणीवपूर्वक लहान ठेवण्यात आली. खर्च कमी होता आणि राष्ट्रीय संघातील खेळाडूंचे वेतन अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या देशांच्या संघटना देत असत. त्याची किंमत इतर खेळाडूंनी मोजली. त्यांना मिळणारे वेतन पूर्णवेळ जगण्यास पुरेसे नव्हते. २०१५ मध्ये अमेरिकेने जपानला ५-२ असे हरवलेला अंतिम सामना फॉक्सवर सुमारे अडीच कोटी लोकांनी पाहिला. ही लाट आली तेव्हा तिला सामावून घेणारी लीग आधीपासून चालू होती, हा १९९९ आणि २०१५ मधील मूलभूत फरक होय. पोर्टलंड थॉर्न्सची सरासरी २०१९ मध्ये २० हजारांवर पोहोचली. २०२१ मध्ये प्रशिक्षकांच्या गैरवर्तनाची गंभीर प्रकरणे उघडकीस आली आणि सॅली येट्स यांच्या २०२२ मधील अहवालाने संघटना आणि लीग दोहोंच्या दुर्लक्षावर बोट ठेवले. तरीही लीग टिकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये समान वेतनाच्या दाव्यात राष्ट्रीय संघातील खेळाडूंना २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये लीगने चार वर्षांसाठी एकूण २४ कोटी डॉलरचे प्रक्षेपण करार केले, आणि मार्च २०२४ मध्ये कॅन्सस सिटी येथे व्यावसायिक महिला संघासाठी म्हणूनच बांधलेले ११,५०० आसनांचे स्टेडियम उघडले.

विखुरलेला प्रेक्षकवर्ग

स्पर्धेनंतर प्रेक्षक 'नाहीसा' होतो, हे वर्णन अपुरे आहे. बहुतांशी तो विखुरतो. इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने २०१३ पासून एनबीसी समूह दाखवतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ते सकाळी सुरू होत असल्याने शनिवारी सकाळी मद्यालयांत जमणारे चाहते ही अनेक शहरांतील नेहमीची गोष्ट झाली आहे. एनबीसीने २०२२ पासूनच्या सहा वर्षांसाठी सुमारे २७० कोटी डॉलर मोजले. स्पॅनिश भाषक प्रेक्षकांमुळे मेक्सिकोची लिगा एमएक्स ही अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर सर्वाधिक पाहिली जाणारी सॉकर लीग ठरत आली आहे. मेक्सिकोचा राष्ट्रीय संघ दरवर्षी मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी अमेरिकेत येतो आणि तेथील स्टेडियमे भरतो. २ ऑगस्ट २०१४ रोजी मिशिगनमधील अॅन आर्बर येथे मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांच्यातील निव्वळ सरावाच्या सामन्याला १,०९,३१८ लोक आले होते.

बेसबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्याला सर्वोत्तम खेळ पाहण्यासाठी देशाबाहेर पाहावे लागत नाही. सॉकरच्या चाहत्याला पाहावे लागते आणि तसे पाहणे आता सोपेही आहे. त्यामुळे खेळाची लोकप्रियता वाढली तरी स्थानिक लीगला तिचा पुरा वाटा मिळत नाही. २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात ही तफावत स्पष्ट दिसली: मेजर लीग सॉकरचा अंतिम सामना इंग्रजी व स्पॅनिश मिळून सुमारे २१ लाख प्रेक्षकांनी पाहिला, तर तीनच आठवड्यांनी विश्वचषकातील अमेरिका-इंग्लंड ही गोलशून्य बरोबरी केवळ फॉक्सवर दीड कोटीहून अधिक लोकांनी पाहिली. २०२३ पासून लीगने आपले सामने दहा वर्षांच्या, सुमारे २५० कोटी डॉलरच्या करारान्वये अॅपलकडे दिले. उत्पन्न निश्चित झाले, पण वाहिन्या चाळताना योगायोगाने सामना लागण्याची शक्यता घटली. त्याच वर्षी जुलैमध्ये लिओनेल मेस्सी इंटर मायामीकडे आला. एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या संघाविरुद्धचा सामना कॅन्सस सिटीच्या क्लबने मुद्दाम मोठ्या स्टेडियमात हलवला, तेव्हा ७२ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. पेलेच्या काळाशी याचे साम्य उघड आहे. आज मात्र त्या एका खेळाडूपलीकडे लीगकडे स्वतःची मैदाने आणि युवा प्रशिक्षण केंद्रे आहेत.

मतचाचण्यांतील आकडे याहून थंड आहेत. पाहण्यासाठी आवडता खेळ कोणता, या गॅलप संस्थेच्या प्रश्नाला २०१७ मध्ये ७ टक्के अमेरिकनांनी सॉकर असे उत्तर दिले होते. २०२३ मध्ये ते ५ टक्के होते, तर अमेरिकन फुटबॉल ४१ टक्के. प्रश्न एकाच आवडत्या खेळाविषयी असल्याने सॉकर दुसऱ्या वा तिसऱ्या पसंतीचा मानणारे लोक त्यात मोजले जात नाहीत.

खेळणारे आणि पाहणारे

माध्यमिक शाळांच्या संघांतून आठ लाखांहून अधिक मुलेमुली सॉकर खेळतात. मुलींच्या सहभागामागे शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा 'टायटल नाइन' कायदा हे प्रमुख कारण आहे. ही पिढी मोठी झाली की सॉकर आपोआप राष्ट्रीय खेळ होईल, असे भाकीत १९७० च्या दशकापासून केले जात असून ते अद्याप खरे ठरलेले नाही. पालकांनी शुल्क भरून मुलांना क्लबात घालण्याच्या पद्धतीमुळे हा खेळ उपनगरी मध्यमवर्गाचा झाला. १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'सॉकर मॉम' हा शब्दप्रयोग मतदारांच्या एका वर्गासाठी रूढ झाला, तो याच कारणाने. लहानपणी शनिवारी खेळलेला खेळ मोठेपणी पाहिलाच जातो असे नाही.

२०२६ चा विश्वचषक

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्याकडे संयुक्त यजमानपद असलेल्या २०२६ च्या ४८ संघांच्या विश्वचषकासाठी १०४ पैकी ७८ सामने अमेरिकेतील ११ शहरांना देण्यात आले. अंतिम सामन्यासाठी न्यू जर्सीतील ईस्ट रदरफर्डची निवड झाली. १९९४ प्रमाणे लीगची स्थापना हा प्रश्न या वेळी नव्हता. स्पर्धेमुळे तयार होणारे कुतूहल पुढच्या हंगामापर्यंत कसे न्यायचे, याची तयारी आधीच सुरू झाली. २०२६ पासून लीगचे सामने पाहण्यासाठी अॅपलची वेगळी वर्गणी भरण्याची अट काढून टाकण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेजर लीग सॉकरच्या मालकांनी वसंत ते शरद हे वेळापत्रक सोडून २०२७ च्या जुलैपासून युरोपप्रमाणे उन्हाळा ते वसंत असे वेळापत्रक स्वीकारण्याचा निर्णय घेतला. मधली पोकळी भरण्यासाठी फेब्रुवारी ते मे २०२७ दरम्यान १४ सामन्यांचा छोटा हंगाम ठरवण्यात आला.

या बदलामुळे अंतिम टप्प्यातील सामने अमेरिकन फुटबॉलच्या शरद ऋतूतील हंगामाशी टक्कर न घेता मे महिन्यात होतील आणि खेळाडूंची खरेदी-विक्री युरोपीय बाजाराशी जुळेल. मिनेसोटा, टोरोंटो आणि माँट्रियल येथील चाहत्यांपुढे मात्र डिसेंबर आणि फेब्रुवारीतील बर्फात उघड्या स्टेडियमात बसण्याचा प्रश्न आहे. त्यासाठी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत सुट्टी ठेवण्यात आली आहे.